कोण आहे सात-पंचवीस?

चार दिवस झाले,
क्लाक्सविकच्या कचेरीतलं एकही पत्र
खाडीपलीकडे लाइर्विकला पोचलेलं नाही.
ओसाकाला पोचतं. बोस्टनला पोचतं.
हॅलिबटच्या दरावरून लिस्बनशी
रोज सकाळचं भांडण व्यवस्थित चालू आहे.
फक्त समोर, जिथले दिवे खिडकीतून मोजता येतात,
तिथे नाही.

रान्वा म्हणाली, तुझं यंत्र रुसलंय.
यंत्रं रुसत नाहीत, म्हटलं,
आणि शनिवारी रात्री अकराला
लोकरीचा स्वेटर चढवून तळघरात उतरले.

दोन्ही सर्व्हरना हाक दिली. दोघांनी ओ दिली.
माझ्याशी दोघंही बोलतात,
एकमेकांशी नाही.
अशी दोन माणसं माझ्या माहितीत आहेत,
पण तो विषय वेगळा.

फायरवॉल पाहिली, पोर्ट सताड उघडं.
डीएनएस पाहिलं, नाव बरोबर, पत्ता बरोबर.
राउटर रीस्टार्ट केला. त्याने काही होणार नव्हतं,
पण रात्री साडेबाराला माणूस रीस्टार्ट करतो.
मग समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी काढली,
डोक्यावर अख्खी खाडी,
लाइर्विकला जाऊन केबल ओढून पाहिली.
घट्ट होती.
परत आले.

शेवटी तारेलाच कान लावला.
एकेक पॅकेट पडद्यावर उतरू लागलं:

कोण आहे दहा-वीस-सात-पंचवीस?
सांगा दहा-वीस-चार-पंचवीसला.

एक सेकंद.

कोण आहे दहा-वीस-सात-पंचवीस?
सांगा दहा-वीस-चार-पंचवीसला.

चार दिवस. दर सेकंदाला.

तो उंबरठ्यापर्यंत जातच नव्हता.
दारात राउटर उभा, ओसाकाची पत्रं त्याच्याच हाती देतो,
पण सात-पंचवीस? त्याला कशाला दार?
तो तर इथलाच, घरातला,
म्हणून घरातल्या घरात हाका.
पलीकडून आलेली हाक ऐकू यायची त्याला,
उत्तर द्यायला वळायचा,
आणि पुन्हा तेच: कोण आहे?

अडीचला हानुसला फोन लावला.
निवृत्त झाल्यापासून तो झोपत नाही.
मास्क वाचून दाखवला:
दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, शून्य, शून्य.
बरोबर आहे, म्हणाला.
मीच बसवलेत, एका खोलीत, एका कपाटात,
मधे बोटभर जागा.

हानुस, जाळ्यांचं खातं बुधवारी पलीकडे गेलं.
सात-पंचवीस त्यांच्याबरोबर गेला.
पत्ता तोच ठेवला, कोणाला त्रास नको म्हणून.
त्याचा मास्क मी बदलला.

फोनमध्ये त्याची किटली वाजत होती.
ह्याचा?

ह्याचा विसरले.

हं, म्हणाला. म्हणजे गेलेल्याला माहीत आहे तो गेला.
राहिलेल्याला कोणी सांगितलंच नाही.
आणि फोन ठेवला, चहा उतू जात होता म्हणून.

मी सांगितलं.
तिसऱ्या शून्यावर दोनशे पंचावन्न लिहिलं.
एवढंच.

थोडा वेळ काही नाही. पंखे तेवढे.
मग पडद्यावर, मला वाटलं जरा हळू आवाजात:

कोण आहे दहा-वीस-चार-एक?

आणि राउटर, जो इतके दिवस दारातच उभा होता:
मी.

रांगेत तीनशे सतरा पत्रं होती. सुटली.
लॉगमध्ये विषयाची ओळ दिसते, बाकी नाही,
आणि बाकी मी पाहतही नाही.
दोरखंडाची बिलं. पाळ्यांची अदलाबदल.
हरवलेला डावा हातमोजा, तीन वेळा.
आणि एक, रान्वाकडून त्रोंदुरला,
बुधवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं:
रुबार्बचा केक उरलाय, चारच्या आत ये.

पोचलं रविवारी, पहाटे दोन एक्कावन्नला.

त्रोंदुरने उत्तर दिलं की नाही
ते पाहायला मी थांबले नाही.
वर आले, बूट घातले.
पलीकडे एक दिवा जास्तीचा लागला होता,
की मीच चुकीचे मोजले.