फुली

एप्रिल. बर्फ फुटून आज तिसरी रात्र.
धक्क्यावर पत्र्याचं टेबल, टेबलावर मोजपट्टी,
माझ्या मांडीवर रकाने आखलेला कागद.
अर्विनमामा पाण्यावर आहे.
त्याच्या कपाळावरचा दिवा खडकांच्या कडेकडेनं सरकतो,
मधेच थांबतो.
भाल्याचा आवाज इथवर येत नाही.
येतो तो बादलीचा.

ओगा म्हणतो आम्ही या माशाला.
झोतात त्याचे डोळे असे पेटतात
की तळ्याच्या बुडाशी कुणी वस्ती केली असावी.
टेबलावर आणला की तेच डोळे
फूल पडल्यासारखे, दुधाळ.
मी त्याला पट्टीवर निजवते.
साडेसतरा इंच. नर.
रकान्यात एक फुली.

वीस इंचांवरचे दोनच, एका रात्री, एका परवान्यावर.
तिसरा कुणालाच नाही.
माझ्या मामाला तर नाहीच.

मी सात वर्षांची होते तेव्हा या धक्क्यावर दगड आले होते.
ओरडणाऱ्यांत माझ्या शाळेची बस चालवणारा होता.
डेल्फीनमामीनं एक दगड उचलून घरी नेला,
अजून तो दाराला अडसर म्हणून लागतो.

हक्क मिळाला, असं पेपरात येतं.
मिळाला नाही. राखून ठेवला.
जसं कुणी रान विकतं
आणि विहिरीचं पाणी विकत नाही.
अठराशे सदतीसचा कागद आहे, त्याच्याखाली
आमच्या माणसांच्या नावांपुढे फुल्या.
मामा म्हणतो, फुलीसुद्धा कारकुनाचीच,
आपल्यांनी नुसतं टाकाला बोट लावलं.

मार्चमध्ये बर्फातून चालत
आम्ही भूर्जांच्या रानात गेलो तर
बासष्ट झाडांवर निळ्या फुल्या.
ही होडीच्या सालीची झाडं. मामानं
चाळीस वर्षं त्यांना वाढताना पाहिलंय,
कुणाची साल जाड, कुणाची चिरते, कुणाला गाठी.
वनखात्याचा हाल्वर्सन नकाशा घेऊन आला.
माणूस वाईट नाही, नाक गळत होतं बिचाऱ्याचं.
म्हणाला, अतिपक्व आहेत. आराखड्यात तसंच आहे.
मामा म्हणाला, मी त्र्याहत्तरचा.
माझ्यावरही मार एक.

हाल्वर्सन हसला नाही.
मामानं हातमोजा काढून चिमूटभर तंबाखू
बुंध्याशी ठेवली, बोटाच्या पेरानं साल वाजवली,
पुढच्या झाडाकडे गेला. पुन्हा वाजवली.
हाल्वर्सन मागे मागे.
संध्याकाळपर्यंत त्यानं पिशवीतून काळा रंग काढून
अकरा झाडांवरचा निळा झाकला.
अकरा माझ्या सहीत बसतात, म्हणाला,
त्यापुढे वरचं ऑफिस.
साल सुटते जूनमध्ये, काजवे आले की.
एकावन्न झाडं तिथं उभी आहेत,
मामा आधी येतो की करवत,
ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

होडी धक्क्याला लागली.
एकोणीस. सोळा. एकवीस, हा एक.
बावीस, हा दोन.
मग तळातली मादी, पोट अंड्यांनी तट्ट.
वीस आणि पाव.
मी पट्टी पुसली. पुन्हा निजवली.
वीस आणि पाव.
मामा तळ्याकडे बघत उभा,
दिवा अजून कपाळावर, त्यामुळे
त्याचा चेहरा मला दिसेना.

मी लिहिलं.

आमचाच वॉर्डन, माझा मावसभाऊ डॅरेल,
त्यानं दंडाची पावती पुढे केली,
बोटानं दाखवलं, इथं.
मामानं दातांनी हातमोजा ओढला.
पेन थंडीनं अडत होतं.
त्यानं नुसती सही केली नाही,
पूर्ण नाव लिहिलं, मधलंसुद्धा,
शाळेतल्या पोरासारखं, एकेक अक्षर दाबून,
आणि डॅरेल थांबून राहिला.

मग मामा मला म्हणाला,
कॉफी उरलीय का?