मुद्देमाल क्रमांक सात

नाव? भूपाल लक्ष्मण व्हटकर.
राहणार? जवाहरनगर. धंदा तुमच्या टेबलावरच आहे, साहेब,
लाखेच्या सीलात, पारदर्शक पिशवीत.
डाव्या पायाची.

उजवी सापडली नाही.

आरोपीचे वकील म्हणाले, कोल्हापुरात चपला काय कमी आहेत?
खरं आहे. ढिगानं आहेत.
पण शेवटचा टाका मी उलटा वळवतो,
आरीनं अंगठा फाटला तेव्हापासून,
आणि इंगवले गुरुजींनी सांगून
तळात बिया घालून घेतल्या होत्या.
"करकर वाजली पाहिजे, भूपाल.
मी आलोय हे लांबनं कळू दे त्यांना."

कळलं.

मतदानादिवशी केंद्राच्या दारात
ते यादी घेऊन उभे राहिले, वर्गात हजेरी घ्यावी तसे:
अमुक, मयत. मतदान झालं, साडेनऊ.
तमुक, मयत. मतदान झालं, नऊ चाळीस.
एकेचाळीस मेलेली माणसं बोटाला शाई लावून गेली होती.
सातव्या पानावर गुरुजी थांबले.
कुणी थांबवलं, ते मी बघितलेलं नाही.
न बघितलेलं सांगणार नाही.
मी चप्पल ओळखतो.

हे मात्र कुणी विचारलं नाही:
परवा रात्री दोन पोरं दुकानात आली,
सगळ्यात महाग कापशी उचलली
आणि भाव केला नाही.
कोल्हापुरात. भाव केला नाही.
"तब्येतीला जपा, मामा," म्हणाली.
बायकोनं शटर ओढलं. बराच वेळ
आम्ही त्या नोटांकडं बघत बसलो.
मग वहीत लिहून ठेवलं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर.

माझ्या आधीचे चौघे "आठवत नाही" म्हणून उतरले.
त्यात गुरुजींचा एक विद्यार्थी होता, पाढे तोंडपाठ असलेला.
नावं ठेवत नाही. पाय माझेही लटपटत होते.
पिंजऱ्यात चढताना सवयीनं चप्पल काढली,
तर शिपाई म्हणाला, अहो, हे देऊळ नव्हं.
म्हटलं, ठाऊक आहे.
देवळात खरं बोलायची सक्ती नसते.

सील फोडलं. चप्पल हातात दिली.
पाच वर्षं कपाटात राहून
कातड्याचं लाकूड झालेलं. तेल नाही, पाय नाही.
दोन्ही हातांनी वाकवली.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली.
टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली.
हे कसं लिहू, तिनं विचारलं.

वाजली, असं लिहा.

पुढची तारीख पडली, सतरा.
बाहेर आलो. पायरीपाशी
माझ्या चपला होत्या तिथंच होत्या,
दोन्ही.