तिसरा माणूस

हळदणकरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून
आरवलीच्या किनाऱ्यावरचा एक जाड शिंपला ठेवलेला.
तो बाजूला सारून त्यांनी आकडा दाखवला.
गेल्या वर्षी एकोणीस हजार आठशे.
औंदा सव्वीस हजार चारशे, जीएसटी धरून.

मी म्हटलं, गाडी तीच, चाकं चारच, मीपण तोच.
"तूच तर घोळ आसस," काका हसले.
"चोवीस पुरी झाली नाय तुका.
कंपनीचो कम्प्युटर म्हणता, ह्या वयाचे पोरगे ठोकतत."

मी अजून काही ठोकलेलं नाही.
नाताळच्या आदल्या दिवशी मोचेमाडला
मावशीच्या दारात गाडी उभी होती, बंद, हँडब्रेक ओढून,
आणि वरून नारळ पडला. काचेवर.
काच आठ हजारांची, मी क्लेम केला,
आणि त्या एका नारळाने माझा बोनस खाल्ला,
ज्याचं नावच नो क्लेम.
मावशीने त्याची सोलकढी केली.
पडलेला नारळ वाया कसा घालवायचा.

गाडीची किंमत मात्र उतरलेली,
दोन लाख पाचवरून एक बहात्तर.
घोषित किंमत म्हणतात तिला.
जशी ती स्वस्त होत जाते
तसं तिला सांभाळणं महाग होतं.
रात्री मोठ्याने वाचून दाखवलं तर बाबा म्हणाला,
माझोच हिशेब वाचतंस काय रे?

आणि खाली एक ओळ, थर्ड पार्टी.
यात काही कमी होईल का, विचारलं होतं मी.
"ता सरकारी. तेका कोण हात लावूक शकत नाय."
पहिला मी. दुसरी कंपनी.
मग तिसरा कोण?
"ज्याका तू अजून ठोकूक नाय, तो,"
म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.

तेव्हापासून तो दिसतो.
शिरोड्याच्या वळणावर, सायकलला मिठाचं पोतं बांधून,
माझ्याकडे पाठ करून चाललेला.
उभादांड्याच्या शाळेसमोर
चपलेचा अंगठा तुटला म्हणून रस्त्यातच बसलेली मुलगी.
रात्री दहाला नाटक बघायला निघालेली चार माणसं, एकाच बॅटरीवर.
कुणाचंच नाव पॉलिसीत नाही.
दर एप्रिलात मी त्यांच्यासाठी पैसे भरतो,
हे त्यांना ठाऊक नाही,
आणि कधी ठाऊक होऊ नये
यासाठीच तर सगळी खटपट.

बाबा एकदा तिसरा होता.
कुडाळच्या तिठ्यावर, दिवेलागणीला, हातात पाव.
उडवणाऱ्याची मोटरसायकल नवी, वय माझ्याएवढंच,
विमा फेब्रुवारीत संपलेला.
पोरगा दवाखान्यात येऊन रडला.
रडण्याची पावती मिळत नाही.
पाय वाकडा जुळला.
रापणीचा दोर आता बाबाला ओढवत नाही,
तरी वाळूत बसून तो जाळ्यातला कचरा निवडतो
आणि संघातले त्याला अर्धा वाटा देतात,
बांगडे मिळोत की नुसती पेडवी.
कुणी त्याचं वय लिहून घेतलेलं नाही.

मी म्युझिक सिस्टीम विकली, सावंतवाडीत, साडेतीन हजारांना.
फिलूताईने भिशीतले दिले.
उरलेले काकांनी खिशातून टाकले,
मे म्हयन्यात दी म्हणाले, पावणे इले काय.

पाहुणे आलेत.
पुण्याचे, मागच्या सीटवर तिघे.
विचारतात, गाणी नाहीत का?
विचारतात, अरे तरुण पोरगा तू,
जरा दामटव की, सूर्यास्त चुकेल.
कप्प्यात वेलांकणीच्या सायबिणीमागे
कागद घडी घालून ठेवलाय.
पुढे वळण. पलीकडचं काही दिसत नाही.
मी हॉर्न वाजवतो, लांब,
पाय ब्रेकवर,
आणि सूर्य त्याच्या वेळेला बुडू दे.