दवाच्या वेळी

एकवीस पॉइंट सदुसष्ट.
बाबा म्हणाले, "पैकी किती?"
म्हटलं, शंभर.
खांद्यावरचा सेफ्टी बेल्ट खुंटीला अडकवत म्हणाले,
"मंग दशांश कायले ठेवते ते लोक?"

आई हसली. मी नाही.
मार्च होता. घाटंजीच्या रस्त्याला पळस सरत आलेला,
आणि कट-ऑफ
चुकलेल्या एसटीसारखा पुढे निघून गेलेला,
मागे नुसता फुफाटा.

काय केलं नव्हतं मी?
पॉवर सिस्टिम्स दोनदा, मशीन्स तीनदा,
गाव निजल्यावर छपरीत टेबलफॅनपुढे,
पानं उडू नयेत म्हणून वहीवर वरवंटा.
सगळं येत होतं मला.
भेटेल त्याला हेच सांगायचे, की सगळं येत होतं.
माझ्याच नोट्स घेऊन प्राजू मोहोड
गेली खरगपूरला.
तिच्या तोंडात पेढा मीच घातला,
तिच्या आईनं डबा पुढे केला म्हणून.

मग पुन्हा पान एक. पुन्हा ओहमचा नियम.
बाबा दारातून बघायचे.
"सारीच लाईन बदलून रायली का वं?"
मी दार लोटून घ्यायचे.

कार्तिकात पारव्याचा फीडर
रोज पहाटे पाचला ट्रिप व्हायचा
आणि नऊला आपोआप शहाणा.
तीन दिवस अख्खी पंचक्रोशी
फोनवरून माझ्या बापाचा उद्धार करत होती.
चौथ्या दिवशी त्यांनी मला साडेचारला उठवलं.
"चाल. बॅटरी तू धर."

तुरीतून चालताना सलवार गुडघ्यापर्यंत चिंब.
मी म्हटलं, काल दुपारी तर पाहिले ना सगळे खांब?
"दुपारी सारेच खांब चांगले असते," बाबा म्हणाले.
"तडा उन्हात नाई दिसत.
दवानं भिजला का मंग करंट तिथून उतरते.
बॅटरी बंद कर आता."

केली.
अंधार, कुत्री, बाबांचा खोकला.
मग आठव्या खांबावर, वर,
निळसर काहीतरी
चरचरलं.

बाबा लगेच चढले नाहीत.
आधी सबस्टेशनला फोन, परमिट,
मग तंबाखू.
"साऱ्या खांबायवर चढाचं नसते, पोरी.
पण ज्यावर चढाचं, तो आधी पाहा लागते."

घरी येऊन मी तो कागद उघडला
जो मार्चपासून उघडला नव्हता.
माझी उत्तरं. त्यांची उत्तरं.
चार ठिकाणी वजाचं चिन्ह हरवलेलं.
दोनदा किलो विसरलेले.
एका प्रश्नातला 'नाही' हा शब्द
मी वाचलाच नव्हता.
आणि पाच प्रश्न निव्वळ रागानं ठोकलेले,
आधीचा सुटला नाही म्हणून.

रात्री छपरीत मला खरंच सगळं येत होतं.
पण परीक्षा रात्री नव्हती.
ती होती सकाळी साडेनऊला, अमरावतीला,
एसीनं गारठलेल्या बोटांनी,
शेजारचा पोरगा कीबोर्ड बडवत असताना.

मग मी सकाळी साडेनऊलाच बसू लागले,
ढुमण्यांच्या चक्कीकडच्या खिडकीत.
चक्की सुरू, बाबांचा फोन सुरू,
आई विचारतेय सांबार कुठं ठेवला.
तीन तास. उठायचं नाही.
चोवीस आले. मग बावीस.
बावीसला मी रडले, चक्कीच्या आवाजात,
कुणाला ऐकू गेलं नाही, तेवढी सोय.
मग एकोणतीस.
वहीत विषयांची नावं लिहिणं सोडलं,
लिहायचे फक्त: इथे घाई. इथे भीती.
इथे खरंच येत नाही.
हा तिसरा रकाना सगळ्यात लहान निघाला,
आणि त्याचा आनंद व्हावा की संताप,
कळेना.

परत मार्च.
सेहेचाळीस पॉइंट तेहेतीस.
बाबा जेवत होते. घास तसाच ठेवून म्हणाले,
"पैकी किती?"
शंभरच, बाबा.
"मंग बाकीचे गेले कुठी?"

मी वही आणली,
आणि त्यांच्या ताटाशेजारी मांडी घालून बसले.
या खेपेला
सांगता येत होतं.