सात हजार वेढे

दहा नंबर पुलाजवळ निकोसेकाकांचं वाइंडिंगचं दुकान.
एप्रिल लागला की दारात कूलरचे पंप रांगेनं,
आत वार्निशचा वास,
आणि काका कुणाशी बोलत नाहीत,
कारण ते मोजत असतात.

मी गेलो ते फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन.
केसाहून बारीक तार पाहिजे, म्हटलं, सात हजार वेढे.
"सात हजार? कायची मोटर हाय बे हे?"
मोटर नाही काका. एकतारी. लायटीवरची.
ते हसले नाहीत, चष्मा पुसला.
"मधात तुटली तं पहिल्यापासून," एवढंच म्हणाले.

दांडी भंगारातल्या चौकटीची, सागवानी,
बिजागरीची भोकं तशीच ठेवली.
तार सीताबर्डीवरून. एकटी मिळत नाही,
सहाचा सेट घ्यावा लागतो.
पाच अजून डब्यात आहेत.

चार हजार तीनशे दहाला लाइट गेली.
काकांनी तार चिमटीत धरली ती तशीच धरून ठेवली,
घाम नाकावरून गळू दिला.
"आकडा तू सांभाळ."
अंधारात मी चार हजार तीनशे दहा, चार हजार तीनशे दहा,
आणि बाहेर सगळ्या गल्लीचे कूलर गप्प,
कुणाचं तरी बाळ तेवढं रडत होतं.

जयंतीच्या मिरवणुकीतून निवृत्त झालेला अँप्लिफायर,
त्याला जोडली तेव्हा दुपारचे तीन.
तार छेडायच्या आधीच घुंऽऽऽ
जणू अख्खा इंदोरा आपले पंखे घेऊन आत शिरला.
माझा चेहरा पाहून काका म्हणाले, "अर्थिंग कोण देईन, तुया बाप?"
घोडीखालून एक तार काढली, खोबणीत दाबली.
"आता हात लाव."

बोट टेकलं.
घुंघुं विझलं.
मग मी छेडली, आणि जो निघाला तो सूर
थोडा खालचा होता, थोडा चिरका,
पण माझ्याच खोलीतला होता.

काकांनी मागितली. वाजवता येत नाही म्हणाले.
नुसतं बोट ठेवायचे, उचलायचे.
घुंऽऽ. गप्प. घुंऽऽ. गप्प.
बत्तीस वर्षं लोक त्यांच्याकडे आणतात ते
हा आवाज बंद करून द्या म्हणून.

दारात एक बाई उभी, पदरानं वारा घेत.
"भाऊ, पंप झाला का?"
काकांनी मान हलवली,
बोट उचललं नाही.