कुसळ

दाणाबंदरात गव्हाचं पोतं उतरवताना
रंगराव शेवाळेंच्या उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं.
मुकादम म्हणाला, डोळे आलेत, जातील.
मेडिकलवाल्याने चाळीस रुपयांची बाटली दिली.
दोन दिवस लाली उतरली,
आत मात्र कोणीतरी निवांत बिऱ्हाड मांडत होतं.

नवव्या दिवशी वाशीला तांडेल मॅडमनी
बुबुळावरचा पांढुरका डाग
पात्याच्या टोकाने हलकेच खरवडला.
मिठाच्या कणाएवढा तो ऐवज
काचपट्टीवर माझ्या टेबलाशी आला.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायचा
मला पगार मिळतो.
पोटॅशचा थेंब, वर काच.
आधी नुसतं धुकं,
मग फांद्या, आडव्या गाठींच्या, काचेसारख्या,
शिळ्या भाकरीवरच्या रानाचे भाऊबंद.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
लिहिलं : बुरशी.
हा शब्द लिहिताना माझं अक्षर बिघडतं.

आता तासातासाला औषध, बाटली हलवून,
रात्रीसुद्धा.
घणसोलीत त्यांची सून गजर लावते,
दोनचा, तीनचा, चारचा.
एरवी सासऱ्यांपुढे मान वर न करणारी ती
झोपेतच उठते, हात साबणाने धुते,
त्यांची पापणी बोटाने उघडते
आणि थेट आत बघते.

काल तपासणीला आले होते.
बल्ब दिसतो म्हणाले, पण फुटलेला.
डाग राहणार, मॅडमनी आधीच सांगितलंय.
जाताना माझ्या खिडकीशी थांबले,
डावा डोळा झाकून
माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.
मी काही बोलले नाही,
नुसती हलले नाही.