पहारा

हर्णै बंदर, बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
सोसायटीच्या कॉम्प्युटरवर मी होड्यांची नोंदवही बांधतेय.
एक होडी, एक ऑब्जेक्ट.
हात लावेपर्यंत आत काहीच नसतं,
नुसता नंबर आणि पोकळी;
विचारलं की मग भरते:
डिझेल, बर्फाच्या लाद्या, सात खलाशी.

प्रत्येकीवर पहारा बसवलाय.
काही हललं की मला कळवायचं,
जुनं काय होतं, नवं काय झालं.
जुनं: समुद्रात. नवं: धक्क्यावर.
कधी कधी
जुनं: समुद्रात. नवं: समुद्रात.
बदल काही नाही, तरी निरोप.
कुणीतरी तेच पुन्हा लिहिलेलं असतं.

‘भाग्यरेषा’ जयगडला विकली गेली.
मी तिला यादीतून पुसलं,
पहारा उठवायचा राहिला.
दुसऱ्या दिवशी पापलेटचा लिलाव रंगात
आणि पडदा थिजला,
बोली अडकली साडेचारशेवर.
नसलेल्या होडीवर कुणाची तरी नजर होती.

रात्री एकच ओळ वाढवली:
आधी नजर काढायची, मग होडी.

खाली भरती लागत होती.
धाकलू तांडेल आला, रोज येतो तसा,
खुंटाला राहिलेला तिचा दोर
ओढून बघितला,
आणि वर खिडकीकडे मान करून म्हणाला,
"गो, तुझ्या मशिनीत
तिचा रंग काय लिवलेलास?"

मी यादी वरखाली केली.
रंगाचा रकाना
मी ठेवलाच नव्हता.